चुन्याची भिंत आणि रंगीत अंथरूण

चैत्री पौर्णिमेला धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्यात येडेश्वरी देवीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरच्या मंदिरातून खाली उतरते आणि आमराईकडे निघते. वाटेत चुन्याचं रान लागतं. पालखी तिथं पोचली की गावोगावहून आलेली माणसं, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून कडेवरच्या लेकरापर्यंत, वाकून जमिनीवरचे पांढुरके खडे वेचायला लागतात. हे खडे चुनखडीचे. ते एका जागी टाकायचे, त्यांचा ढीग लावायचा, आणि त्याच्या चुन्यानं देवीचं मंदिर रंगवायचं, अशी इथली परंपरा आहे.

घराच्या सजावटीवरचं प्रकरण यात्रेपासून सुरू करायला कारण आहे. पांढऱ्या भिंती आणि त्यांवर उठून दिसणारी रंगीबेरंगी, नक्षीची कापडं ही मांडणी हल्ली मासिकांमधून परदेशी म्हणून दाखवली जाते. मराठवाड्यात ती मुरलेली आहे, आणि तिचं मूळ पायाखालच्या जमिनीत आहे. भिंत कुठल्या रंगाची असावी हे इथं फार काळ आवडीनिवडीनं ठरलंच नाही. ते रानानं ठरवलं. रंग मात्र माणसांनी ठरवला, आणि तो कापडावर ठेवला. कारण कापड धुता येतं, झटकता येतं, बदलता येतं, लेकीबरोबर सासरी पाठवता येतं.

येरमाळ्याच्या परिसरातल्या बालाघाटच्या डोंगररांगेत चुनखडीचे डोंगर नाहीत. इथला दगड काळा, लाव्हारसापासून झालेला बेसॉल्ट. मग पांढरे खडे आले कुठून? बेसॉल्ट झिजतो, कुजतो, त्याची काळी माती होते, आणि त्यातलं कॅल्शियम मोकळं होतं. पावसाचं पाणी ते विरघळवून खाली नेतं. कोकणात पाऊस इतका पडतो की ते धुपून समुद्राला मिळतं. म्हणून कोकणात चुना करायचा तर शिंपले भाजावे लागत. मराठवाड्यात पाऊस कमी आणि ऊन कडक. पाणी फार खोल जाण्याआधीच उडून जातं आणि कॅल्शियम कार्बोनेट मातीतच गोठतं, आधी कणाएवढं, मग हरभऱ्याएवढं, मग लिंबाएवढं. शेतकऱ्याला हे खडे नकोसे वाटतात, कारण चुनखडीच्या जमिनीत पिकं पिवळी पडतात. नांगराखाली आलेला तोच खडा भट्टीत घातला की भिंतीची शोभा होतो.

भट्टीत खडा सुमारे ९०० अंशांपर्यंत तापला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ५६ किलो कळीचा चुना उरतो. ४४ किलो वजन हवेत जातं. रानातल्या खड्यात माती मिसळलेली असते, तेव्हा प्रत्यक्षात हिशेब याहून कमी बसतो आणि चुना थोडा करडा येतो. असा करडा चुना बांधकामाला चांगला, कारण तो मातीतल्या सिलिकामुळे घट्ट धरतो. रंगाला मात्र पांढरेशुभ्र, निवडलेले खडेच लागतात.

कळीवर पाणी टाकलं की ती उकळ्या फोडत फुटते. चुना विरवण्याचं हे काम जाणत्या माणसाचं, कारण उडालेला एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. विरलेला चुना निदान रात्रभर, जमल्यास काही दिवस पाण्याखाली ठेवायचा, फडक्यातून गाळायचा आणि दुधासारखा पातळ करायचा. त्यात सरस किंवा डिंक घालायचा म्हणजे तो हाताला लागत नाही. कुणी मीठ टाकतात, म्हणजे तो सावकाश वाळतो आणि भिंतीला धरतो. शेवटी नीळ, तीही चिमूटभर. चुन्यात किंचित पिवळी झाक असते, नीळ ती मारते आणि डोळ्याला पांढरा अधिक पांढरा वाटतो. नीळ जास्त झाली की भिंत आजाऱ्यासारखी दिसते, आणि मग वर्षभर ते बघत बसावं लागतं.

पोचारा मारताना एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी असते. कुंचा फिरवला की ओली भिंत पांढरी दिसतच नाही. मळकट, राखाडी, खालचे जुने डाग दाखवणारी दिसते. नवखा माणूस घाबरतो आणि चुना दाट करतो. तिथंच बिघडतं, दाट चुन्याचे पुढं पापुद्रे निघतात. जाणता रंगारी पातळ चुन्याचा एक हात मारून बाजूला बसतो. अर्ध्या तासात भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातून पांढरा रंग उमटायला लागतो आणि हळूहळू खाली उतरतो. चुन्याच्या कणांमधल्या फटींत पाणी असतं तोवर उजेड आरपार जातो. पाणी उडून तिथं हवा शिरली की तोच उजेड कणाकणावर आपटून विखुरतो आणि भिंत पांढरी होते. नंतर कितीतरी दिवस हा थर हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषत राहतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत दगडाचं जे निघून गेलं होतं ते भिंतीवर त्याला परत मिळतं. म्हणजे चुन्याच्या भिंतीवर बारीकसा दगडाचाच पदर असतो.

या पदराला छिद्रं असतात. मातीच्या भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. त्याच भिंतीवर प्लास्टिकचा किंवा तेलाचा रंग दिला की ओल आत कोंडते, पहिल्याच पावसाळ्यात फुगे येतात आणि रंगाबरोबर गिलावाही सुटतो. शिवाय ताजा चुना इतका तीव्र अल्कली असतो की बुरशी आणि जंतू त्यावर टिकत नाहीत. साथीच्या काळात गावंच्या गावं चुन्यानं रंगवली जायची, ती यामुळेच.

आता उजेडाचं गणित. जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं जाड भिंतींची. खिडक्या थोड्या आणि लहान, काही खोल्यांना तर फक्त छतातला झरोका. बाहेर एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जात असताना आत गारवा राहायचा तो याच रचनेनं. पण मग आत दिसणार कसं? स्वच्छ चुन्याची भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला सुमारे ८० टक्के भाग परत फेकते. झरोक्यातून आलेला उजेड अशा तीन भिंतींवर आपटला तरी निम्मा शिल्लक राहतो. भिंत गडद असेल आणि ४० टक्केच परत फेकत असेल, तर तीन उसळ्यांनंतर जेमतेम ६ टक्के उरतो. दिव्याला तेल मोजून मिळायचं त्या काळात हा फरक म्हणजे संध्याकाळी तासभर जास्त निवडण-टिपण करता येणं होतं.

पांढऱ्या भिंतीचा दुसरा गुण म्हणजे ती खोलीतल्या उजेडाला स्वतःचा रंग देत नाही. पिस्ता रंगाच्या खोलीत प्रत्येक वस्तूवर पिस्त्याची छाया पडते. तिथं लाल चादर विटकरी दिसते आणि पिवळी मळकी. शेजारचा रंगही असाच परिणाम करतो. पॅरिसच्या गोबलँ इथल्या गालिचे आणि भिंतीपडदे विणणाऱ्या कारखान्यात शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगविभाग सांभाळत होता. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडं आली. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगांमुळं काळा फिका भासत होता. शेजारी बसलेले रंग एकमेकांना कसे बदलतात यावर त्यानं १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या कामापुरतं त्यातून एवढं घ्यायचं: रंगाला त्याच्या मूळ रूपात बघायचं असेल तर त्याच्या पाठीशी पांढरं ठेवावं.

आमच्या भागात या पांढऱ्या भिंतीचा आणि रंगीत कापडाचा वर्षातून एकदा एकत्र सोहळा होतो. नवरात्राच्या आधी दसरा काढतात. घटस्थापनेपूर्वी घरातलं सगळं सामान बाहेर निघतं. भिंतींना चुना लागतो, खाली काव किंवा गेरूचा हातभर पट्टा ओढला जातो, म्हणजे सारवणाचे शिंतोडे दिसत नाहीत. जमिनी सारवल्या जातात. आणि घरातल्या वाकळी, गोधड्या, चादरी, जमखाने गाडीत घालून ओढ्याला, विहिरीला, तलावाला जातात. दगडावर आपटून धुतलेल्या गोधड्या काठच्या झुडपांवर आणि खडकांवर वाळत घातल्या की वर्षभर अंधाऱ्या खोलीत घड्या होऊन पडलेले रंग एका दिवसात उन्हात येतात. संध्याकाळी ते पांढऱ्या झालेल्या घरात परत जातात. सजावट म्हणून वेगळं काही करायची गरज उरत नाही. पावसानं ओढ दिली त्या वर्षी मात्र एकेक गोधडी घरीच, मोजक्या पाण्यात धुवावी लागते. या जिल्ह्यात तशी वर्षं थोडी नाहीत.

कापडासाठी या जिल्ह्याची ओळख तर फार जुनी. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात तगरहून भडोच बंदराकडे गाड्यांतून जाणाऱ्या मालाची नोंद आहे: पुष्कळ साधं सुती कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल, आणि बहुधा मॅलो फुलाच्या रंगाचं, म्हणजे जांभळट कापड. दोन हजार वर्षांपूर्वी इथलं कापड समुद्रापार जात होतं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू पाहायला मिळतात. येरमाळ्याला देवदर्शनाला आलेल्यांनी वाकडी वाट करून तिकडं जरूर जावं.

घराघरातलं आजचं नक्षीचं कापड मात्र दक्षिणेकडून, सोलापुरातून येतं. धुळे-सोलापूर महामार्ग येरमाळ्यावरूनच जातो, आणि लग्नाच्या बस्त्यापासून आहेराच्या चादरीपर्यंत त्या दिशेचा राबता जुना आहे. सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिला पुढं लोक जुनी गिरणी म्हणू लागले. त्याआधीपासून आणि त्यानंतरही तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहराच्या पेठा मागांच्या आवाजानं भरून टाकल्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते या कसबासाठी. तिची एक खुबी सजावटीच्या दृष्टीनं मोलाची आहे. नक्षी जेकार्डवर विणलेली असते, छापलेली नसते. त्यामुळं एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर उलट्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल मोर येतो. एकाच चादरीत पलंगाची दोन रूपं मिळतात. उन्हाळ्यात पांढरी बाजू वर, थंडीत लाल. छापील चादर स्वस्त मिळते, पण तिची पाठ मुकी असते, आणि चार धुण्यांत पोटही फिकं पडतं.

देवीमुळं घरात येणारं आणखी एक कापड म्हणजे खण. येडेश्वरी असो की तुळजाभवानी, ओटी खणानारळानं भरायची. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे खण इकडं पिढ्यान्‌पिढ्या येतात: अरुंद पन्हा, दोन्ही कडांना उठावदार काठ, मधे बारीक ठिपकेदार बुट्टी. पूर्वी त्याच्या चोळ्या शिवल्या जायच्या. आता चोळी घालणाऱ्या बाया कमी झाल्या आणि ओटीत आलेले खण कपाटात साठत गेले. तीन-चार खण काठाला काठ जोडून शिवले की उशीचा अभ्रा होतो, सहा-सात जोडले की दाराचं तोरण किंवा दिवाणाची पट्टी. ज्या बाईनं ओटी भरली तिची आठवणही त्यात राहते. बाजारात तयार मिळणाऱ्या ‘खणाच्या’ वस्तू घेण्याआधी स्वतःच्या कपाटाचा तळ एकदा बघावा.

आणि गोधडी. माझ्या मते महाराष्ट्राच्या घरातली सर्वांत उत्तम कलावस्तू हीच, आणि तिला तसा मान अजून मिळालेला नाही. जुनी सुती लुगडी आणि धोतरं आतल्या थरांना, वरच्या थराला उरलेल्या चिंध्यांतून निवडलेले चौकोन आणि त्रिकोण. अंगणात थर अंथरायचे, सुरकुत्या हातानं काढायच्या, कडा आत मुडपायच्या आणि मग कडेकडेनं धावदोरा घालत आत आत जायचं. चौकोनात चौकोन, त्यात आणखी एक. टाके जवळजवळ पडले की कापड दोन ओळींमधे किंचित फुगतं आणि सगळ्या पृष्ठभागावर बारीक लाट उठते. पांढऱ्या भिंतीशेजारी, बाजूच्या खिडकीतून उजेड येत असताना गोधडी पाहा: रंग तर दिसतातच, पण त्या हजारो टाक्यांच्या इवल्या सावल्याही दिसतात. यंत्रावर शिवलेल्या रजईला ही लाट येत नाही, कारण यंत्राचा दोरा सगळीकडं सारखाच ताणतो आणि हाताचा दोरा श्वासागणिक बदलतो. शिवणारीच्या मनात नक्षीचा आराखडा असतो, तुकडे मात्र मिळतील तसे. त्यामुळं हिरव्या-पिवळ्यांच्या रांगेत अचानक एखादा जांभळा चौकोन येतो, आणि नेमका तोच डोळ्यात भरतो.

मराठवाड्यातल्या बंजारा तांड्यांवरची भरतकामाची, आरसे आणि कवड्यांची कापडं हा स्वतंत्र विषय आहे. त्यावर पुढं लिहायचं आहे. इथं एवढंच की त्यातली एक लहानशी पिशवी किंवा रुमालसुद्धा मोठ्या पांढऱ्या भिंतीला पुरतो.

पांढरं आणि नक्षीदार यांची जोडी जगात इतरत्रही विचारपूर्वक जमवली गेली. फ्रान्समधे ल कॉर्बुझिये या वास्तुरचनाकारानं १९२५ साली प्रत्येक भिंत पांढरी करावी असा आग्रह धरला, पण त्याच्या पांढऱ्या खोलीत नक्षीला जागा नव्हती. जोसेफ फ्रँक हा व्हिएन्नाचा वास्तुरचनाकार वेगळ्या वाटेनं गेला. ज्यूंविरुद्धच्या वाढत्या द्वेषामुळं तो स्वीडनला गेला आणि १९३४ पासून एस्ट्रिड एरिकसन यांच्या स्वेन्स्क्ट टेन या संस्थेसाठी काम करू लागला. भिंती पांढऱ्या, आणि त्यांसमोर पानाफुलांनी गच्च भरलेले पडदे, सोफे, गालिचे. नक्षी डोळ्याला गुंतवून शांत करते, कोरा पृष्ठभाग मात्र अस्वस्थ करतो, असं त्याचं म्हणणं होतं. तो येरमाळ्याच्या कुठल्या घरात आला असता तर वाकळींची चळत पाहून त्याला परकं वाटलं नसतं.

आपल्या जिल्ह्यातली घरं मात्र मधल्या काळात बदलली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबर आपल्या जिल्ह्यातल्या उमरगा-लोहारा भागातही गावं उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं गेली. जाड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाचा जड भार यांनी झोपलेल्या माणसांचा जीव घेतला. त्यानंतर लोकांनी सिमेंट-काँक्रीटची घरं पसंत केली, ते योग्यच होतं. जुन्या घराच्या प्रेमापोटी कुणी माळवदाखाली झोपावं असं म्हणणं क्रूरपणाचं ठरेल. पण माळवदाबरोबर चुनाही गेला, त्याला काही कारण नव्हतं. सिमेंटच्या भिंतीवर चुना उत्तम बसतो. उन्हाळ्यात स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारले तर खालची खोलीही कमी तापते.

तेव्हा घर रंगवायला काढलं असेल तर करायचं ते असं. भिंतीवर आधीचा तेलाचा किंवा प्लास्टिकचा रंग असेल तर तो पूर्ण खरवडून काढा. त्यावर चुना धरत नाही. भिंतीवर पाणी मारून ती दमट करा, पातळ चुन्याचे तीन हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या. चष्मा आणि हातमोजे वापरा. डोळ्यात थेंब गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धूत राहा आणि डॉक्टरकडं जा. पाठ टेकते त्या उंचीपर्यंत गेरूचा पट्टा घ्या किंवा लोड-तक्के ठेवा. खरवडणं शक्य नसेल तर चकाकी नसलेला पांढरा रंग द्या. तो घेण्याआधी वहीच्या कागदाएवढा नमुना भिंतीवर लावून त्याच्याशेजारी आपली चादर धरून बघा, सकाळी एकदा आणि रात्री दिवा लावून एकदा. निळसर उजेडाच्या एलईडीखाली लाल-पिवळे रंग निस्तेज होतात. उबदार, पिवळसर उजेडाचा दिवा कापडाला न्याय देतो.

कापडं मांडताना नक्षीचा आकार सांभाळा. पलंगावर मोठ्या मोराची चादर असेल तर उशा बारीक बुट्टीच्या खणाच्या असाव्यात आणि खाली रुंद पट्ट्यांचा जमखाना. तिन्ही नक्ष्या एकाच आकाराच्या झाल्या की त्या भांडतात. एखादा रंग तिन्हींत यावा, मग बाकीचे कितीही असोत. दोन कापडांच्या मधे भिंतीचा पांढरा भाग मोकळा राहू द्या. गोधडी भिंतीवर लावायची असेल तर खिळे ठोकू नका. वरच्या कडेला मागून सुती पट्टी शिवा, त्यातून काठी ओवा, म्हणजे भार सगळीकडं सारखा वाटला जाईल. आणि जिथं थेट ऊन पडतं त्या भिंतीवर ती नको, वर्षभरात रंग उडतील.

एक विनंती आहे. बोहारीण दारात आली की जुन्या सुती साड्या देऊन स्टीलचं पातेलं घेण्याचा मोह होतो. तिला सिंथेटिक साड्या द्या. त्या गोधडीच्या आत सरकतात, घाम टिपत नाहीत, टाका धरत नाहीत. सुती लुगडी, धोतरं, दुपट्टे मात्र मागं ठेवा. घरात किंवा गल्लीत गोधडी शिवणारी एखादी बाई अजून असेल, तिच्याकडून यंदाच्या दसऱ्याआधी एक शिवून घ्या, आणि तिला तिच्या कामाचे पूर्ण पैसे द्या.